वात आणि वितळतार

२०२३ सालच्या दिवाळीपर्यंत ‘फ्यूज उडाला’ हा शब्दप्रयोग मी अगदी निर्धास्तपणे करीत असे. घरातले दिवे गेले, की मी खुर्चीवरून न उठता म्हणे, “फ्यूज उडाला वाटतं!” आणि मग कुणीतरी उठून काय करायचे ते करी. शब्द मी वापरावेत आणि वस्तू इतरांनी हाताळाव्यात, अशी आमच्या घरातली श्रमविभागणी आहे. ती सौभाग्यवतींना मान्य नाही. पण माझ्या हाती स्क्रू-ड्रायव्हर देणे त्यांना त्याहूनही मान्य नाही, म्हणून ती आजवर टिकून राहिली.

या सदराच्या वाचकांना माझे यंत्रज्ञान ठाऊक आहेच. शक्ती म्हटली की मला तीनच आठवतात : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. तेव्हा यंदा हा गृहस्थ ॲम्प्लिफायरवर आणि त्याच्या फ्यूजवर लिहायला बसला आहे, हे पाहून आपण हसाल. खुशाल हसा. पण हसून झाल्यावर पुढे वाचा. कारण ज्या गोष्टीची मी तीन दिवस चेष्टा केली, तिने चौथ्या दिवशी मला चांगलेच रडवले.

आमच्या दिवाणखान्यात एक जुना ॲम्प्लिफायर आहे. वडिलांनी तो १९८८ साली हप्त्याने घेतला. पत्र्याची काळी पेटी, पुढे चार बटणे, मागे तारा खोवायच्या खिट्ट्या, आणि दोन बाजूंना ट्रंकेएवढे दोन स्पीकर. त्याच्याशेजारी कॅसेट वाजवायचा डेक. हल्लीच्या मुलांचे गाणे खिशात मावते; आमचे गाणे उचलायला दोन माणसे लागत. वडील गेले, पण पेटी वाजत राहिली, आणि ती वाजत राहावी असे आम्हांला वाटत होते त्याला एक कारण होते.

१९९१ साली आक्काचे लग्न झाले. घाणा भरताना आईने ओव्या म्हटल्या होत्या. मामांनी टेप आणला होता, तो सुरू करून त्यांनी कोपऱ्यात ठेवला आणि आईला सांगितलेच नाही. म्हणून त्या कॅसेटमध्ये आईचा आवाज अगदी तिचाच आहे. मध्येच ती “अगं, हळद सांडली” असे म्हणते, हसते आणि पुन्हा ओवी धरते. आई २००९ साली गेली. तिचा आवाज आमच्याजवळ आहे तो एवढाच. आक्काने कित्येक वर्षांत तो ऐकला नव्हता. यंदा भाऊबिजेला आली की ऐकवीन, असे मी तिला फोनवर कबूल करून बसलो होतो.

आता आमच्या चिरंजीवांकडे वळू. नरक चतुर्दशीच्या पहाटे सनई साऱ्या वाड्याला ऐकू गेली पाहिजे, असा त्यांचा निश्चय. त्यासाठी त्यांनी मित्राच्या मोटारीतून काढलेले दोन जुने स्पीकर पैदा केले, ते गॅलरीत टांगले, आणि त्यांच्या तारा आणून पहिल्या स्पीकरच्याच खिट्ट्यांत बसवल्या. “एका दगडात दोन पक्षी, बाबा!” मी कौतुकाने मान डोलावली. पहाटे अभ्यंगस्नान झाले, कारीट फुटले, सनई सुरू झाली. आवाजाचे बटण चिरंजीवांनी जवळजवळ शेवटपर्यंत फिरवले. दहा मिनिटे वाडा दुमदुमला. मग एकाएकी सनई थांबली. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही.

“फ्यूज उडाला वाटतं,” मी म्हणालो.

या वेळी मात्र माझे म्हणणे खरे होते. पेटीच्या पाठीवर एक गोल काळे टोपण होते. ते फिरवल्यावर आतून बोटाच्या पेराएवढी काचेची नळी बाहेर आली. दोन टोकांना धातूच्या टोप्या आणि आत केसासारखी बारीक तार. ती मध्यावर तुटली होती. दुकाने दिवाळीत बंद. आक्का भाऊबिजेला दुपारी येऊन रात्रीच्या गाडीने परत जाणार होती.

भाऊबिजेच्या दिवशी शेजारचे नाना मदतीला धावले. नाना म्हणजे सर्व विषयांतले जाणकार. “अहो प्रोफेसर, एवढ्यासाठी अडून बसलात? चॉकलेटवरची चांदी आहे ना घरात? नळीभोवती गुंडाळा आणि द्या परत बसवून. आमच्या वेळी सिगारेटच्या पाकिटातली लावायचो आम्ही!” मी चांदी गुंडाळली. खटका दाबला. दिवा लागला! नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला त्या क्षणी स्वतःचा जो अभिमान वाटला, तो एम. ए. च्या निकालादिवशीही वाटला नव्हता.

ओवाळणी झाली. आक्का पाटावरून उठली ती सरळ डेकसमोर जाऊन बसली. मी कॅसेट लावली. गॅलरीतले स्पीकर तसेच जोडलेले होते. ते काढायचे कुणाच्या ध्यानीही आले नाही. जुन्या कॅसेटचा आवाज बारीक, म्हणून बटण पुन्हा बरेच वर नेले. आईचा आवाज आला. आक्काने डोळ्यांना पदर लावला. तिसरी ओवी सुरू झाली असेल-नसेल, तोच मला कसलासा वास आला. रंग जळावा तसा, उग्र आणि गोडसर. मला वाटले, बाहेर फटाके वाजताहेत त्यांचा असेल. मग पेटीच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर निघाली, आणि ती पाहून आमची धाकटी, वय वर्षे सहा, “बाबा, यातून उदबत्ती येतेय!” असे म्हणत त्या पत्र्याकडे हात पुढे करून धावली.

तिला सौ. ने कसे मागे ओढले आणि मी भिंतीतला प्लग कसा उपटला, ते मला आता सांगता येणार नाही. पुढची पाच मिनिटे घरात कुणी बोलले नाही. आक्का तेवढे म्हणाली, “अरे, राहू दे. पोरीला काही झालं नाही ना? मग झालं तर.” तिचे ते ‘मग झालं तर’ माझ्या मनातून अजून गेलेले नाही. रात्री तिला गाडीत बसवून दिले. कॅसेट शाबूत होती, पण तिसऱ्या ओवीपुढचे तिला मी ऐकवू शकलो नाही.

दिवाळी संपल्यावर पेटी रिक्षात घालून मी बुधवार पेठेतल्या एका बोळात नेली. तिथे एक वयस्क कारागीर बसतात. दुकान इतके लहान, की गिऱ्हाइकाने आत आणि पेटीने बाहेर, किंवा पेटीने आत आणि गिऱ्हाइकाने बाहेर राहावे. त्यांनी मागचे टोपण फिरवले, ती चांदी गुंडाळलेली नळी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“सर, काय शिकवता तुम्ही?”

“मराठी.”

“मग सांगा बघू, ह्याला मराठीत काय म्हणतात?”

मी म्हणालो, “वितळतार.” शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द आहे, मुलाच्या अभ्यासाच्या वेळी माझ्या कानावरून गेला होता.

“मग वितळायला हवी ना ती? तुम्ही तर तिला वितळूच दिली नाहीत. तिनं ओरडून सांगितलं की आत कायतरी चुकतंय, आणि तुम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबलात!”

एका वाक्यात इतके परखड रसग्रहण मी वर्गात कधी केलेले नाही. पेटी उघडेपर्यंत आणि नंतरही त्या गृहस्थांनी मला जे शिकवले, ते मी वहीत टिपून घेतले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, आमच्या पेटीला झाले काय होते? तिच्या पाठीवर स्पीकरच्या खिट्ट्यांशेजारी ‘८ ओहम’ असे छापले होते. ओहम हे अडथळ्याचे माप. आमचे मूळ स्पीकर ८ ओहमचे. मोटारीतले साधारणपणे ४ ओहमचे असतात, तसेच हेही. दोन्ही एकाच खिट्टीत शेजारीशेजारी जोडले, की अडथळा वाढत नाही, उलट घटतो. जसे एका दाराऐवजी दोन दारे उघडली की गर्दी लवकर बाहेर पडते. ८ आणि ४ असे जोडले तर दोहोंचा मिळून अडथळा पावणेतीन ओहमच्याही आत येतो. म्हणजे ८ च्या एक तृतीयांश! पेटीला एका माणसाचे ओझे झेपणार, तिच्या डोक्यावर आम्ही तिघांचे दिले, आणि वर आवाजाचे बटण पिळून तिला धावायला लावले. तिने विजेच्या खांबाकडून अधिक प्रवाह ओढला. वितळतार वितळली. तिने आपले काम चोख केले होते. चूक चिरंजीवांची होती, आणि माझी त्याहून मोठी.

माझी मोठी का, तेही कारागिरांनी आकड्यांत समजावले. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची, ५० हर्ट्‌झची. व्होल्टला अँपिअरने गुणले, की वॅट मिळतात. व्होल्टा, अँपिअर आणि वॅट ही तिन्ही माणसांची नावे. एक इटलीचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा स्कॉटलंडचा. तिघांची मोट आपल्या मीटरच्या पेटीत बांधली गेली आहे. माझ्या पेटीतली नळी होती १ अँपिअरची. म्हणजे २३० गुणिले १, असे २३० वॅट. त्याहून फारच अधिक प्रवाह काही काळ गेला, की तार तुटायची आणि पेटीला विश्रांती मिळायची. मी ती चांदी लावली, तेव्हा हा पहारेकरी नाहीसा झाला. उरला तो मीटरजवळचा एमसीबी, आमच्या त्या बोर्डावर १६ अँपिअरचा. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॅट. न्हाणीघरातल्या गीझरलाही एवढे लागत नाहीत! तेवढी उष्णता त्या पेटीत शिरण्याची मोकळीक मी देऊन ठेवली होती, आणि एमसीबी मात्र आपल्या जागी खुशाल बसून राहिला असता. त्याच्याकडे भिंतीतल्या तारा राखण्याचे काम. पेटीच्या पोटात काय चालले आहे, याची चौकशी तो करीत नाही.

“मग वितळलं काय?” मी विचारले.

“ट्रान्सफॉर्मर. त्याच्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो जळाला, त्याचा वास आला तुम्हाला. फ्यूज काढून टाकला, की पेटीतली जी वस्तू सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत महाग, ती फ्यूज होते. दहा-वीस रुपयांची नळी वाचवायची म्हणून तुम्ही हे काम ट्रान्सफॉर्मरला लावलंत.”

मी विचारले, “आणि मुलीने त्या पत्र्याला हात लावला असता तर? फ्यूज असता तर तिला काही झाले नसते ना?”

त्यांनी हातातले काम खाली ठेवले. “सर, हे नीट ध्यानात ठेवा. फ्यूज माणसासाठी नसतो.” माणसाला इजा व्हायला एका अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. घरात माणसाला वाचवण्यासाठी जो आरसीसीबी बसवतात, तो ३० मिलिअँपिअरवर, म्हणजे १ अँपिअरच्या तेहतिसाव्या हिश्श्याच्या आसपास तुटण्यासाठी केलेला असतो. जी तार पुरा १ अँपिअर निमूटपणे वाहून नेते, तिला एवढ्याशा गळतीची दादही लागत नाही. अंगातून वीज गेली तरी फ्यूज शांतच! पत्र्याच्या पेटीला हात लावणाऱ्याला राखते ती तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. तीन पायांच्या प्लगमध्ये वरचा जाड आणि लांब पाय असतो तो तिचा. तो लांब का? तर प्लग खुपसताना तो सगळ्यांत आधी चिकटावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून. आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर वीज या वाटेने जमिनीत धाव घेते, प्रवाह एकदम वाढतो, आणि तेव्हा कुठे वितळतार वितळते. अर्थ आणि फ्यूज ही जोडी आहे. एकाला काढले की दुसरा निम्मा होतो.

हे सांगायचे कारण असे, की पुष्कळ घरांत स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो म्हणून लोक तो वरचा पायच काढून टाकतात, किंवा दोन पायांची पट्टी मध्ये लावतात. आवाज थांबतो खरा. पण मांजर ओरडते म्हणून दार उघडे टाकून झोपण्यातला हा प्रकार आहे. बऱ्याचदा हा आवाज निरनिराळी उपकरणे निरनिराळ्या बोर्डांवर लावल्याने, किंवा केबल टीव्हीची तार पेटीला जोडल्याने येतो. सारी एकाच बोर्डावर आणून पाहावीत. काही उपकरणांना मुळातच दोन पाय असतात. त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांचे आवरण दुहेरी असते, त्यांना तिसरा पाय लागत नाही. पण ज्याला कारखान्याने तीन पाय दिले, त्याचा एक आपण कापू नये.

आता त्या नळीविषयी. मी तिला ‘काचेची नळी’ म्हणत होतो. पण तिच्या टोपीवर भिंगातून पाहिले, तर एक ओळ कोरलेली असते. जिथे एकही अक्षर फुकट नाही असे लेखन मला फार दिवसांनी दिसले! आमच्या नळीवर होते ‘टी १ ए २५० व्ही’. यातले ‘१ ए’ म्हणजे १ अँपिअर. ‘२५० व्ही’ म्हणजे २५० व्होल्टपर्यंतच्या विजेवर ही नळी तुटल्यावर तुटलेलीच राहील, आत ठिणगीचा पूल बांधला जाणार नाही. मोटारीसाठी केलेली नळी अँपिअरने जुळत असली, तरी तिला घरच्या विजेवर लावायचे नाही ते यासाठीच. आणि पहिले अक्षर ‘टी’ हे मूळ जर्मन शब्दाचे. त्याचा अर्थ सुस्त, म्हणजे जरा दम धरणारी. काही नळ्यांवर ‘एफ’ असते, ती शीघ्रकोपी.

ॲम्प्लिफायरला दम धरणारी का लागते? खटका दाबल्या क्षणी आतला ट्रान्सफॉर्मर जागा होतो आणि मोठाले कंडेन्सर रिकामे असतात ते एकदम भरू लागतात. पहाटे नळाला पाणी आल्यावर चाळीतली सारी पिंपे एकदम लागावीत तसा प्रकार. क्षणभरच प्रवाहाची झुंबड उडते, मग सारे स्थिर होते. ‘टी’ नळी तेवढा क्षण दुर्लक्ष करते. ‘एफ’ लावली तर ती वरचेवर तुटेल, आणि वैतागून मनुष्य मोठ्या अँपिअरची नळी आणील. अनर्थाची सुरुवात बहुतेक घरांत इथूनच होते. म्हणून जी होती तीच आणावी : तेच अक्षर, तोच आकडा, तोच आकार. बहुतेक ठिकाणी ती ५ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर लांब असते. जुनी नळी कागदात गुंडाळून दुकानात न्यावी, पाठांतरावर विसंबू नये. आणि मुळात बसवलेली नळीच चुकीची नव्हती ना, हे पेटीच्या पाठीवर फ्यूजशेजारी छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे.

तुटलेली नळीही बोलते. तार मध्यावर हळूच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल, तर ओझे थोडे जास्त झाले किंवा तार जुनी झाली. पण काच आतून काळी पडली असेल, किंवा तिच्यावर आरशासारखा चंदेरी थर बसला असेल, तर आत मोठा तडाखा बसला आहे असे समजावे. अशा वेळी नवी नळी न लावता पेटी सरळ कारागिराकडे न्यावी. आमची काच स्वच्छ होती. म्हणजे आम्हांला ताकीद देऊन सोडले होते. दंड आम्ही हट्टाने ओढवून घेतला.

नळी बदलायची रीतही त्यांनी मला माझ्याच हातांनी करून दाखवायला लावली. आधी पेटीचा खटका बंद. मग भिंतीवरचा खटका बंद. मग प्लग भिंतीतून काढून आपल्या नजरेसमोर ठेवायचा. खटका बंद केला एवढ्यावर भरवसा नाही, कारण वायरमनने खटका चुकीच्या तारेवर बसवला असेल तर तो बंद असूनही वीज आत उभी असते. पाच-दहा मिनिटे थांबायचे. मग पाठीमागचे टोपण किंचित दाबून डाव्या अंगाला फिरवायचे. नवी नळी घालायची, टोपण लावायचे. स्पीकरच्या तारा सोडून ठेवायच्या. आवाजाचे बटण शून्यावर. आता प्लग, आणि मग खटका. नळी टिकली, तर पुन्हा बंद करून एक स्पीकर जोडायचा, मग दुसरा. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या खिट्टीला टेकत नाही ना, ते पाहायचे. आणि नवी नळीही तुटली, तर तिसरी आणायची नाही. दोन साक्षीदारांनी एकच जबानी दिल्यावर तिसऱ्याला कशाला बोलवायचे?

“आणि फ्यूज पेटीच्या आत असला तर?”

“तर मग तुम्ही मराठी शिकवायचं आणि पेटी मी उघडायची.” प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते, ती कुठे आणि कशी उतरवायची हे ज्याला ठाऊक त्यानेच आत हात घालावा. त्यांच्या भिंतीवर एक साधा पिवळा बल्ब टांगलेला होता. दुरुस्त केलेली प्रत्येक पेटी ते आधी त्या बल्बमधून वीज देऊन लावतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर पेटी ठीक. भक्कन पेटून तसाच राहिला, तर आत अजून घोटाळा आहे. पण वीज बल्बने अडवल्यामुळे पेटी वाचते. सारे निदान शंभर वॅटच्या दिव्यावर! एवढे स्वच्छ निदान मला फार थोड्या तज्ज्ञांकडून ऐकायला मिळाले आहे.

त्यांच्या फळीवर आणखी एक पेटी होती, दिसायला देखणी. कुणाच्या तरी मुलाने अमेरिकेहून पाठवलेली. प्लगला आपल्याकडचा ॲडॉप्टर लावून ती सरळ भिंतीत खुपसली गेली होती. तिच्या पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असे छापलेले. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. आपली जवळजवळ दुप्पट. ॲडॉप्टर फक्त प्लगचे पाय बदलतो, वीज बदलत नाही. मराठी वाचकांची मुले परदेशी असण्याचे हे दिवस. म्हणून लिहून ठेवतो. अशी पेटी आली, तर आधी पाठ वाचावी. काही पेट्यांना मागे व्होल्ट निवडायची खीळ असते. ती प्लग लावण्यापूर्वी २३० वर आणावी आणि फ्यूजही त्याप्रमाणे बदलावा, कारण तेवढेच वॅट दुप्पट व्होल्टवर निम्म्या अँपिअरमध्ये मिळतात. १२० साठी २ अँपिअरची नळी असेल, तर २३० साठी साधारण १ ची असते. नेमका आकडा पाठीवर दिलेला असतो. खीळ नसेल, तर व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये लागतो, आणि तो पेटी जेवढे वॅट घेते त्याहून बराच मोठा घ्यावा. ३०० वॅट घेत असेल तर ५०० चा. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी मिळणारी हलकी डबी इथे चालत नाही. आणि ‘घेते ते’ वॅट मागे विजेच्या तारेजवळ लिहिलेले असतात. पुढे जाहिरातीत असतात ते ‘देते ते’. जमा आणि खर्च यांत लेखकाचीही गफलत होते, पण पेटीची झालेली महाग पडते.

आमच्या पेटीचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी नव्याने गुंडाळून दिला. तुळशीच्या लग्नाला पेटी घरी आली. मी तिच्या डोक्यावरचा विणलेला रुमाल काढून टाकला. तो तिच्या श्वासाच्या जाळीवर वर्षानुवर्षे पसरलेला होता. तिला भिंतीतला स्वतंत्र प्लग दिला. पूर्वी एकाच एक्स्टेंशनवर ती, आकाशकंदील, दिव्यांच्या माळा आणि इस्त्री अशी सारी पंगत बसायची. ६ अँपिअरच्या त्या बोर्डाची पोच १,३८० वॅटची, आणि एकटी इस्त्रीच हजार वॅट खाते! गॅलरीतले स्पीकर चिरंजीवांनी स्वतः होऊन परत केले. मी त्याला रागावलो नाही. रागवायचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

जाता जाता शब्दाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय माझे मानधन मला पचणार नाही. इंग्रजीत फ्यूज हे शब्द दोन आहेत. एक फटाक्याच्या वातीचा. तो लॅटिनमधल्या चातीच्या नावावरून आला. दुसरा विजेचा, तो वितळण्याच्या क्रियापदावरून. उच्चार एक, कुळे दोन. फटाक्याची वात जळते ती स्फोट व्हावा म्हणून. वितळतार जळते ती स्फोट होऊ नये म्हणून. आमच्या मराठीने ही गल्लत होऊ दिली नाही. एकीला वात म्हटले, दुसरीला वितळतार. आणि तरीही त्या भाषेचा प्राध्यापक ‘उडाला’ म्हणत राहिला! उडत काहीच नाही. एक बारीक तार घरासाठी वितळते, आणि आपण तिला दोष देतो.

२०२४ च्या भाऊबिजेला आक्का मुक्कामाला आली. मी नवी नळी लावलेले टोपण एकदा तपासले, प्लग पाहिला, दोनच स्पीकर जोडले आहेत याची खात्री केली. धाकटीला सांगितले, वाजत असताना पेटीला हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही तेही सांगितले. आवाज बेताचा ठेवला. तिसरी ओवी झाली. चौथी झाली. मग आई “अगं, हळद सांडली” म्हणाली आणि हसली. धाकटीने विचारले, “बाबा, कोणाची हळद सांडली?”

आक्का म्हणाली, “माझी गं, बाई. माझी.”

मी उठलो नाही. या वेळी उठायचे काही कारणच नव्हते.